सुतळीची जाडी आणि सातवीचा परीघ

सातवीत ‘वर्तुळ’ हा पाठ आला की बहुतेक शाळांत एक ठरलेला कार्यक्रम होतो. बांगडी, डबा, ताट असं काहीबाही जमवायचं, दोऱ्याने परीघ मोजायचा, व्यासाने भागायचं आणि तीनच्या वर थोडं काही आलं की ‘हाच तो पाय (π)’ म्हणून फळ्यावर २२/७ लिहून मोकळं व्हायचं. उत्तर आधीच ठाऊक असतं, त्यामुळे मुलांचे आकडे नेमके काय सांगतात याकडे कुणी फारसं बघत नाही. सातारा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत हाच कार्यक्रम एका तासिकेत आटपला नाही, आठवडाभर चालला. मी त्या तासांना मागच्या बाकावर बसून होतो. शाळेचं आणि बाईंचं नाव इथे देत नाही. प्रकरण त्यांचं असलं तरी त्यावरची मतं माझी आहेत.

वर्ग आणि सामान

वर्गात तीसेक मुलं. लोकवर्गणीतून आलेला एक स्मार्ट टीव्ही आणि त्याला जोडलेला एक जुना संगणक. कॅल्क्युलेटर शाळेचे नव्हतेच. मुलांनी घरून, दुकानातून आणले ते पाच, शिवाय बाईंचा फोन. मोजायच्या वस्तू शाळेतच सापडल्या: पोषण आहाराची ताटं, ताटली, पेला, डब्याचं झाकण, बांधकामातून उरलेलं घमेलं, एकीच्या हातातली बांगडी आणि दारात लावलेली सायकल. दोरा म्हणून तांदळाच्या पोत्याची सुतळी घेतली, कारण ती समोर होती. तिच्यावरून पुढे आठवडाभर डोकी खाजवावी लागतील हे तेव्हा कुणाच्या मनातही नव्हतं.

कॅल्क्युलेटर कशाला, हा प्रश्न मुख्याध्यापकांनीही विचारला होता. बाईंचं उत्तर साधं होतं. पाठ्यपुस्तकांतली वर्तुळं सहसा सातच्या पाढ्यातली असतात. त्रिज्या ७, १४, २१, फार तर ३.५. त्यामुळे २२/७ ने गुणलं की सात कटतो आणि उत्तर सुबक येतं. घमेल्याला सातचा पाढा ठाऊक नसतो. खऱ्या वस्तूंची मापं घेतली की ९६.६ भागिले ३०.५ असले भागाकार येतात आणि सातवीचं मूल त्या भागाकारातच दमतं. परीघ आणि व्यास यांच्यात काही नातं आहे का, हे बघायला डोकं शिल्लक राहत नाही. या पाठात भागाकार शिकवायचा नव्हता, म्हणून तो यंत्राकडे दिला. मला हा निकष पटतो. अपूर्णांकांचा भागाकार हाच पाठ असता तर त्याच बाईंनी कॅल्क्युलेटर कपाटात ठेवले असते.

एक अट मात्र होती. बटण दाबण्याआधी वहीत अंदाज लिहायचा. ‘परीघ व्यासाच्या कितीपट दिसतो? तिपटीहून कमी की जास्त?’ अंदाज नसेल तर कॅल्क्युलेटर मिळणार नाही. पहिल्या दिवशी मुलांना ही कटकट वाटली. दुसऱ्या दिवशी एका गटाचं उत्तर ३२.४ आलं, तेव्हा त्यांनी स्वतःच पुसलं. कारण अंदाजात ‘तिपटीहून थोडं जास्त’ लिहिलेलं होतं आणि दशांशचिन्हाचं बटण दाबायचं राहिलं होतं.

दोन यंत्रं, दोन उत्तरं

मापं घेऊन झाल्यावर बाईंनी सहज सांगितलं, ‘बांगडी आणि पेला या दोघांच्या गुणोत्तरांची बेरीज करा बघू.’ बांगडीचा परीघ २०.९ सेमी, व्यास ६.४. पेल्याचा परीघ २४.३, व्यास ७.५. दुकानातून आणलेल्या कॅल्क्युलेटरवर एकाने ओळीने दाबत नेलं: २०.९ ÷ ६.४ + २४.३ ÷ ७.५ =. उत्तर आलं ३.६७५४१६६. बाईंच्या फोनवर दुसऱ्या गटाने अगदी तेच दाबलं, तर ६.५०५६२५.

वर्गात गलका झाला. पहिल्यांदा निष्कर्ष निघाला की दुकानातला कॅल्क्युलेटर बिघडलाय. मग ज्या मुलीच्या घरचं किराणा दुकान आहे ती म्हणाली, ‘बिघडला असता तर पप्पांचा हिशेब रोज चुकला असता.’ बाईंनी फळ्यावर दोन्ही यंत्रांचा माग काढला. दुकानातलं यंत्र येईल ती क्रिया तिथल्या तिथे उरकतं: आधी ३.२६५६२५, त्यात २४.३ मिळवून २७.५६५६२५, आणि या सगळ्याला ७.५ ने भागतं. फोन मात्र थांबतो, आधी दोन्ही भागाकार करतो आणि मग बेरीज. म्हणजे फोनला कंचेभागुबेव येतं, दुकानातल्या यंत्राला येत नाही! दरवर्षी घोकायचा हा नियम इतक्या सहज कामाला आलेला मी क्वचितच पाहिला आहे. पदावलीचा पाठ कधीच होऊन गेला होता, पण तो नियम कशासाठी असतो हे मला वाटतं मुलांना त्या दिवशी कळलं. लिहिलेली ओळ सगळ्यांनी एकाच क्रमाने वाचावी असा तो करार आहे, आणि दुकानातल्या यंत्राने त्यावर सही केलेली नाही.

त्याच मुलीने मग दाखवलं की प्रत्येक भागाकारानंतर ‘बरोबर’ दाबत गेलं आणि शेवटी ‘जीटी’ दाबलं की सगळ्या उत्तरांची बेरीज आपोआप येते. दुकानात प्रत्येक मालाची रक्कम वेगळी काढून शेवटी बिल असंच करतात. बाईंना हे बटण ठाऊक नव्हतं. त्यांनी तिला पुढे बोलावलं आणि पाचही गटांना शिकवायला लावलं. गणितात मागे पडणारी म्हणून जिची नोंद होती ती मुलगी पुढची पंधरा मिनिटं वर्ग चालवत होती.

उलटं गणित

एका गटाने मात्र भलताच उद्योग केला. त्यांच्या वहीत बांगडीचा परीघ २०.१ सेमी लिहिलेला होता आणि गुणोत्तर ३.१४०६२५. बाकी दोन गटांनी तीच बांगडी मोजली होती आणि त्यांचा परीघ २०.९ होता. विचारल्यावर कळलं की या मुलांनी पाठ पुढे वाचून ठेवला होता. ३.१४ हे उत्तर हवं, व्यास ६.४ आहे, तर कॅल्क्युलेटरवर ६.४ × ३.१४ = २०.०९६, म्हणून परीघ २०.१. सुतळी गुंडाळलीच नव्हती.

इथे रागावून विषय संपवता आला असता. बाईंनी तसं केलं नाही. सर्वांसमोर बांगडी पुन्हा मोजायला लावली, माप २०.९ च आलं. मग म्हणाल्या, ‘पुस्तक म्हणतंय २०.१, सुतळी म्हणतेय २०.९. दोघांत आठ मिलिमीटरचा फरक आहे. हा फरक कुठून आला ते आपण शोधू. तोवर कुणी काही पुसायचं नाही.’

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला कळीचा निर्णय हाच. कॅल्क्युलेटर हातात असला की उत्तरावरून माप तयार करणं फार सोपं होतं आणि प्रयोगवहीत अशी मापं आपण वर्षानुवर्षं तपासून सही करत आलो आहोत. हाताने भागाकार करायचा असता तर एवढा खटाटोप कुणी केला नसता. म्हणजे साधनाने लबाडीही सोपी केली, आणि वर्गातली शिस्त तेवढी अवघड.

तक्ता

तिसऱ्या दिवशी सगळ्यांची मापं टीव्हीवर एका स्प्रेडशीटमध्ये भरायची ठरली. पहिली वीस मिनिटं भलत्याच गोष्टींत गेली आणि त्या गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. एकाने सेलमध्ये ‘२०.९ सेमी’ असं एककासकट टाइप केलं. पुढचं सूत्र चूक झाल्याचा संदेश देऊन बसलं, कारण यंत्राच्या लेखी ती संख्या उरलीच नव्हती, मजकूर झाला होता. ताटलीचा परीघ ५८.० टाइप केला तर पडद्यावर नुसता ५८ उमटला. ‘बाई, शून्य खाल्लं!’ मोजपट्टीवर मिलिमीटरपर्यंत बघून लिहिलेलं शून्य आणि नुसते अठ्ठावन्न यांत काय फरक, यावर दोन मिनिटं बोलणं झालं. मग दशांशस्थळं ठरवून दिल्यावर शून्य परत आलं. आणि एका हुशार पोराने तुलनेसाठी एका सेलमध्ये २२/७ टाइप केलं, तर तिथे २२ जुलै आलं. वर्ग हसून हसून पडला. भारतीय पद्धतीची तारीख लावलेल्या एक्सेलमध्ये हे होणारच. आधी ‘बरोबर’चं चिन्ह दिल्याशिवाय ते भागाकार समजत नाही. गंमत अशी की २२ जुलै हा दिवस जगभरातले गणितप्रेमी याच अपूर्णांकासाठी साजरा करतात.

भागाकाराचं सूत्र एका ओळीत लिहून खाली ओढलं आणि सगळी गुणोत्तरं एका झटक्यात आली. त्यातलं एक कॅल्क्युलेटरवरच्या उत्तराशी ताडून बघितलं. जुळलं.

| वस्तू | व्यास (सेमी) | परीघ (सेमी) | परीघ ÷ व्यास |
|---|---|---|---|
| बांगडी | ६.४ | २०.९ | ३.२६६ |
| पेला | ७.५ | २४.३ | ३.२४० |
| डब्याचं झाकण | ११.८ | ३७.९ | ३.२१२ |
| ताटली | १८.२ | ५८.० | ३.१८७ |
| ताट | ३०.५ | ९६.६ | ३.१६७ |
| घमेलं | ४०.० | १२६.४ | ३.१६० |
| सायकलचं चाक | ६६.० | २०७.० | ३.१३६ |

हा तक्ता असा व्यासाच्या चढत्या क्रमाने सुरुवातीला नव्हता. गट ज्या क्रमाने पुढे आले त्या क्रमाने ओळी होत्या: ताट, बांगडी, चाक, पेला. त्या मांडणीत कुणालाच काही दिसलं नाही. बाईंनी पहिल्या सहा ओळींची सरासरी काढायला लावली (चाक सुतळीने मोजलेलं नव्हतं, म्हणून ते बाजूला ठेवलं) आणि ३.२०५ आलं. ‘आपल्या शाळेचा पाय ३.२०५,’ असं कुणीतरी म्हणालं. एवढ्यावर थांबणारे वर्ग मी पुष्कळ पाहिले आहेत. ‘मोजमापात थोडी चूक होतेच’ असं म्हटलं की सुटका होते.

मग बाईंनी व्यासाच्या रकान्यावर सॉर्ट केलं.

मुलं काही क्षण गप्प बसली आणि मग तीन-चार जण एकदम बोलले. गुणोत्तर वरून खाली उतरत होतं, एकदाही न अडखळता. बांगडीचं सर्वांत मोठं, घमेल्याचं लहान. नुसती हाताची चूक असती तर कुणाचं जास्त, कुणाचं कमी असं विस्कटलेलं दिसलं असतं. इथे चुकीलाच शिस्त होती. पाच वह्यांत, पाच कॅल्क्युलेटरवर, आठ-आठ अंकी उत्तरांत ही शिस्त दोन दिवस दडून राहिली होती. त्या आठ अंकांनी उलट उगाच खात्री दिली होती. मिलिमीटरची मोजपट्टी वापरून आलेल्या उत्तरातला तिसऱ्या दशांशस्थळापलीकडचा एकही अंक भरवशाचा नव्हता.

आलेख काढताना एक ठेच लागली, तीही नेहमीची. आलेखाच्या यादीत ‘लाइन’ दिसलं म्हणून मुलांनी तेच निवडलं. त्या प्रकारात आडव्या अक्षावर ओळी समान अंतरावर बसतात, म्हणजे बांगडी ते पेला आणि ताट ते घमेलं यांतलं अंतर सारखंच. रेघ भलतीकडेच वाकली. ‘एक्स-वाय स्कॅटर’ निवडल्यावर ठिपके जवळपास सरळ रेषेत आले. इथे बाईंनी घाई केली असं मला वाटलं. चुकीचा आलेख का चुकीचा, हे मुलांना कागदावर चार ठिपके मांडून बघू दिलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी स्वतःच माऊस घेऊन दुरुस्त केलं आणि पुढे गेल्या.

फरकांचा भागाकार

पुढचा प्रश्न बाईंनी घरून विचार करून आणलेला होता. ‘बांगडीवरून घमेल्यावर गेलो तर व्यास किती वाढला? परीघ किती वाढला?’ व्यास ३३.६ ने वाढला, परीघ १०५.५ ने. अंदाज: तिपटीहून थोडं जास्त. भागाकार: ३.१३९८८.

वर्गात एकदम जाग आली. दुसऱ्या गटाने ताट आणि पेला घेतले: ७२.३ ÷ २३ = ३.१४३. तिसऱ्याने ताटली आणि झाकण: २०.१ ÷ ६.४ = ३.१४१. एकेकट्या वस्तूचं गुणोत्तर ३.१६ ते ३.२७ मध्ये भरकटत होतं आणि दोन वस्तूंच्या फरकाचं मात्र ३.१४ च्या आसपास येऊन बसत होतं. एका गटाने पेला आणि बांगडी घेतली तर ३.४ ÷ १.१ म्हणजे ३.०९ आलं आणि ते हिरमुसले. बाईंनी विचारलं, ‘तुमचा परीघ मोजताना एका मिलिमीटरने चुकला असेल तर?’ ३.५ ÷ १.१ करून पाहिलं: ३.१८. एका मिलिमीटरने एवढी उडी! जवळजवळच्या दोन वस्तू घेतल्या की लहानशी चूकही फुगते, आणि लांबच्या घेतल्या की तीच चूक मुरते. प्रयोगशाळेतल्या माणसालाही रोज लागणारी ही गोष्ट सातवीच्या मुलांनी पेला-बांगडीवर शिकली.

आता फरकांत चूक का नाहीशी होते? जी गोष्ट दोन्हीकडे सारखीच असेल तीच वजाबाकीत जाते. म्हणजे प्रत्येक परिघात काहीतरी सारखंच जास्तीचं शिरलेलं असणार. बाईंनी स्प्रेडशीटमध्ये नवा रकाना केला: परीघ वजा ३.१४ × व्यास. वरून खाली आकडे आले ०.८०, ०.७५, ०.८५, ०.८५, ०.८३, ०.८०. सगळीकडे साधारण आठ मिलिमीटर. पहिल्या दिवशी ‘पुस्तक आणि सुतळी’ यांच्यात निघालेला फरक तोच, आणि तो बांगडीलाही तेवढाच, घमेल्यालाही तेवढाच.

‘गाठ!’ एकजण म्हणाला. गाठ मारलीच नव्हती. ‘सुतळी ताणली गेली.’ ताणून गुंडाळली आणि सैल करून मोजली तर माप कमी भरायला हवं, जास्त नाही. शिवाय ताण लांबीप्रमाणे वाढेल, घमेल्याला बांगडीपेक्षा सहापट पडेल. हे म्हणणारी मुलगी मागच्या बाकावरची होती आणि हा युक्तिवाद त्या आठवड्यातला सर्वांत चोख होता. शेवटी सुतळी हातात घेऊन चाळवणारा एक मुलगा म्हणाला, ‘ही जाड आहे ना.’

पेन्सिलीवर सुतळीचे दहा वेढे एकमेकांना खेटून दिले आणि त्यांची रुंदी मोजली: २.७ सेमी. म्हणजे एक सुतळी पावणेतीन मिलिमीटरच्या आत-बाहेर. फळ्यावर चित्र निघालं. सुतळी भांड्याच्या कडेला टेकते ती तिच्या आतल्या बाजूने. सरळ करून मोजतो ती लांबी सुतळीच्या मधल्या रेषेची. ती मधली रेषा भांड्यापासून अर्ध्या जाडीवर आहे, दोन्ही बाजूंना अर्धी अर्धी, म्हणजे व्यासात एक पूर्ण जाडी वाढली. मोजलेला परीघ म्हणजे पाय गुणिले (व्यास अधिक जाडी). जास्तीचे आठ मिलिमीटर म्हणजे पाय गुणिले जाडी. उलटं करून पाहिलं तर ०.८१ ÷ ३.१४ = ०.२६ सेमी. पेन्सिलीने दिलेल्या जाडीशी ते एका दशांश मिलिमीटरच्या फरकाने जुळलं.

‘पण घमेलं एवढं मोठं, त्याला जास्तीची सुतळी जास्त का नाही लागत?’ हा प्रश्न मात्र सुटता सुटेना, आणि तो खरंच चकवणारा आहे. पृथ्वीभोवती विषुववृत्तावर दोर आवळला आणि तो सगळीकडे जमिनीपासून एक मीटर वर उचलायचा ठरवला तर दोर किती वाढवावा लागेल? जेमतेम सव्वासहा मीटर. बांगडीभोवतीचा दोर एक मीटर वर उचलायलाही तेवढाच. बाईंनी हे कोडं घातलं आणि घरी जाऊन भांडायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग अजूनही मानायला तयार नव्हता. बाईंनी कंस सोडवून दाखवला, काहींनी मान डोलावली, काहींनी नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही तिथेच सोडलं असतं.

बहुमतात नसलेलं चाक

चाकाची ओळ आठवते? ते अंगणात चुन्याची खूण करून एक पूर्ण फेरी घरंगळवून मोजलेलं. सॉर्ट केल्यावर त्याचं ३.१३६ हे रांगेत बसल्यासारखं दिसत होतं, पण जास्तीच्या रकान्यात तिथे उणे ०.२४ आलं. सगळ्यांना आठ मिलिमीटर जास्त आणि चाकाला कमी? बहुतेकांचं मत पडलं की चाक चुकलं, ओळ काढून टाका. खरं तर सातही मापांत सुतळी मध्ये न आलेलं तेच एक होतं, आणि पायच्या सर्वांत जवळचंही. बाकी सगळे एकाच पद्धतीने चुकलेले, म्हणून एकमेकांशी जुळत होते. ओळ राहिली, पिवळा रंग देऊन.

मग आलाच तो प्रश्न: खरा पाय किती, आणि पुस्तकातलं २२/७ खोटं का? २२ भागिले ७ केलं की कॅल्क्युलेटर ३.१४२८५७१ दाखवतो; पायची सुरुवात ३.१४१५९ अशी होते. तिसऱ्या दशांशस्थळावर दोघांचं बिनसतं. बाईंनी भास्कराचार्यांचा दाखला दिला. ११५० च्या लीलावतीत दोन्ही गुणोत्तरं आहेत: ३९२७/१२५० हे सूक्ष्म, आणि २२/७ हे स्थूल पण व्यवहाराला पुरेसं. पाटणादेवीला सहलीला जाऊन आलेल्या एकाने चाळीसगावजवळ त्यांचा उल्लेख असलेला शिलालेख आहे हे सांगून भाव खाल्ला. मुलांनी लगेच ३९२७ ÷ १२५० दाबून पाहिलं: ३.१४१६. सुतळीने मोजणाऱ्याला २२/७ पुरतं, हे त्यांना सांगावं लागलं नाही. सुतळीची चूक २२/७ च्या चुकीपेक्षा कितीतरी मोठी आहे हे तक्त्यातच होतं.

काय जमलं, काय नाही

पालकांची तक्रार अपेक्षित होती आणि आलीच. ‘पुढे शिष्यवृत्ती परीक्षा आहे, तिथे कॅल्क्युलेटर चालत नाही, आत्तापासून सवय लावली तर पाढे कोण म्हणणार?’ ही भीती काही आपल्याकडचीच नाही. इंग्लंडमध्ये २०१४ पासून अकरा वर्षांच्या मुलांच्या राष्ट्रीय गणित चाचणीतून कॅल्क्युलेटर काढून टाकला. दुसरीकडे १९८६ मध्ये हेंब्री आणि डेसार्ट या अमेरिकी अभ्यासकांनी ७९ संशोधनं एकत्र करून पाहिली, तर नेहमीच्या शिकवण्याबरोबर कॅल्क्युलेटर वापरल्याने सरासरी मुलांचं कागद-पेन्सिलीचं कौशल्य घटलं नाही, उलट सुधारलेलं दिसलं. अपवाद चौथी इयत्तेचा. पालकांना संशोधन सांगून उपयोग नसतो. बाईंनी अंदाजाच्या वह्या दाखवल्या. तिपटीचा अंदाज पाढ्याशिवाय येत नाही हे त्यांना त्यातून दिसलं. सगळ्यांचं समाधान झालं असं नाही.

मला खटकलेल्या गोष्टी दोन. संगणक एकच, त्यामुळे टाइप करणारी दोन मुलं ठरून गेली आणि मुली पाठीमागे उभं राहून आकडे सांगत राहिल्या. सूत्र खाली ओढण्याचा अनुभव सातवीच्या निम्म्या वर्गाने नुसता बघितला. आलटून पालटून बसवण्याची यादी फळ्यावर लावली असती तर हे टळलं असतं. दुसरी गोष्ट अशी की घटक चाचणीत ‘दोऱ्याने मोजलेला परीघ खऱ्या परिघापेक्षा जास्त का येतो?’ हा प्रश्न बाईंनी घातला, तेव्हा बऱ्याच जणांनी नुसतं ‘सुतळी जाड असते’ एवढंच लिहिलं. फरक सर्वत्र सारखा का, हे थोड्यांनाच मांडता आलं. बघितलेलं आणि समजलेलं यांत अजून अंतर होतं. पुढच्या तासात हेच पुन्हा घ्यावं लागलं, या वेळी यंत्राशिवाय, नुसत्या आकृतीवर.

स्प्रेडशीट त्या ठिपक्यांतून रेषा काढून तिचं समीकरणही देते. मी घरी काढून पाहिलं तर उतार ३.१४०५ आणि सुरुवात ०.८०. पाय आणि सुतळी दोन्ही एका ओळीत! बाईंना ते ठाऊक होतं, पण वर्गात दाखवलं नाही. दोन वस्तूंचा फरक घेऊन भागणं मुलांच्या हातचं होतं. यंत्राने कुठूनतरी आणलेली रेषा तशी नव्हती. नववीत त्याच मुलांना दाखवता येईल, आकडे जपून ठेवले आहेत.

पुढच्या वर्षासाठी बाईंनी ठरवलेला बदल सुतळीतच आहे. एका गटाला सुतळी, एकाला शिवणाचा दोरा, एकाला शिंप्याची टेप, एकाला जाड सुंभ. वस्तू मात्र सगळ्यांना त्याच. गुणोत्तरं न जुळण्याची व्यवस्था या वेळी आधीपासूनच केलेली असेल, आणि ‘पुस्तकातलं उत्तर’ घेऊन येणाऱ्या गटाला सुंभ मिळेल.